चॉकलेट-संत्रा केक, गाण्यांच्या साथीने

चॉकलेट-संत्रा केकच्या बहुतेक कृतींमध्ये ‘अर्धी वाटी संत्र्याचा रस घाला’ असं एक वाक्य असतं. आपण घालतो. केक भाजून निघतो तेव्हा त्यात संत्रं औषधालाही सापडत नाही, नुसता चॉकलेट केक, तोही जरा दडस. मग कुणीतरी इसेन्सची बाटली सुचवतं आणि पुढच्या केकला खोकल्याच्या गोळीचा वास येतो. दोन्ही सल्ले सोडून द्या.

२० सेंटीमीटरच्या गोल टिनला लागेल ते असं: मैदा १४० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ३५ ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, चिमूटभर मीठ, बिनमिठाचं लोणी १७५ ग्रॅम, बारीक दाण्याची साखर १७५ ग्रॅम, तीन अंडी, ८० मिली गरम पाणी आणि दोन मोठी संत्री. पाकासाठी ४० ग्रॅम साखर वेगळी. वरच्या थरासाठी १०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १०० मिली क्रीम. अंडी खात नसाल तर बिनअंड्याची स्वतंत्र कृती शोधा. या कृतीत अंड्यांऐवजी दुसरं काहीतरी ढकलून केक बिघडवू नका.

गाण्यांची यादी आधीच लावून ठेवा, निदान दीड तासाची. लोणी माखलेल्या बोटांनी गाणं बदलायला गेलात की फोनही जातो आणि लक्षही.

१. साल किसणे

खरा केक इथेच ठरतो. मी बराच काळ याच पायरीवर अडले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रसात असतं मुख्यतः पाणी, साखर आणि आंबटपणा. आपण ज्याला संत्र्याचा वास म्हणतो तो सालीच्या केशरी थरातल्या बारीक तेलपिशव्यांमध्ये असतो. साल दुमडून पिळली की जो फवारा उडतो, तेच हे तेल. कोकोसारख्या दांडग्या चवीपुढे रस टिकत नाही, तेल टिकतं. आणि तेल पाण्यापेक्षा लोण्यात कितीतरी चांगलं मुरतं, त्यामुळे केकच्या प्रत्येक घासात ते पोचतं.

घट्ट सालीची, जड संत्री घ्या. सैल सालीची संत्री खायला छान, पण किसणीखाली त्यांची साल दबते, फाटते आणि हाती काही लागत नाही. फळ कोमट पाण्याने चोळून धुवा, कारण सालीवर बरेचदा मेणाचा थर दिलेला असतो. मग अगदी कोरडं पुसा. किसायचं ते अख्खं फळ. आधी कापून रस काढलात तर लिबलिबीत अर्धुकं किसताना बोटंच सोलून निघतील.

सगळ्यात बारीक दातांची किसणी घ्या आणि एका जागी एकदाच फिरवा. केशरी रंग गेला की फळ वळवा. ‘थोडं अजून निघेल’ हा लोभ नको. खालचा पांढरा थर कडू असतो, कोकोही कडूच, आणि दोघांची बेरीज साखरेने झाकत नाही. किसात पांढरे तुकडे दिसले तर ते निवडून टाका. भाजल्यावर कडूपणा जाईल या आशेवर राहू नका.

किसणी थेट साखरेच्या भांड्यावर धरा, म्हणजे उडणारं तेल साखरेतच पडेल. यानंतरची गोष्ट बहुतेक कृती सांगतच नाहीत: कीस आणि साखर बोटांच्या टोकांनी चोळा. साखरेचे दाणे सालीला घासून तेल बाहेर काढतात. म्हणूनच इथे पिठीसाखर चालत नाही. एक अख्खं गाणं संपेपर्यंत चोळत राहा, शक्यतो संथ लयीचं. साखर ओलसर, फिकट केशरी झाली आणि वास नाकापर्यंत आपसूक आला की थांबा. कीस आदल्या दिवशी काढून ठेवण्यात अर्थ नाही, वास उडून जातो.

२. फेटणे

ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा. कोको गरम पाण्यात कालवून गार होऊ द्या. बोट दाबलं की खळगा पडेल इतपत मऊ लोणी या साखरेबरोबर पाचेक मिनिटं, म्हणजे साधारण एक गाणं, रंग फिका होईपर्यंत फेटा. वितळलेलं लोणी हवा धरत नाही. अंडी फ्रिजमधून काढलेली थंडगार नकोत. एकेक करून घाला. मिश्रण फुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा टाका. मग कोको घाला.

३. मैदा

मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून उलथन्याने हलकेच मिसळा. इथे द्रुत लयीचं गाणं बंद करा. हात नकळत ठेक्यावर चालतो, मिश्रण गरजेपेक्षा जास्त घोटलं जातं आणि केक चिवट होतो. कोरडा मैदा दिसेनासा झाला की पुरे.

४. भाजणे

कागद लावलेल्या टिनमध्ये, मधल्या जाळीवर, ३५ ते ४० मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. इथे गाण्यांवर वेळ मोजू नका, गजर लावा. फेटताना अर्ध्या मिनिटाने फरक पडत नाही, ओव्हनमध्ये पाच मिनिटांनी पडतो. आणि हेडफोन काढा, नाहीतर गजर ऐकू येणार नाही. हा केक मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. मधोमध टोचलेल्या काडीला एखाददुसरा ओलसर कण चिकटला की बाहेर काढा. काडी कोरडी ठणठणीत निघेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

५. पाक आणि चॉकलेट

रसाची पाळी आता. ६० मिली रसात ४० ग्रॅम साखर विरघळेपर्यंत गरम करा, गरम केकला काडीने भोकं पाडा आणि पाक चमच्याचमच्याने मुरवा. आंबटपणा असा वरून आला की तो जाणवतो.

केक पूर्ण गार झाल्यावर क्रीम उकळीच्या बेतात आणून चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं थांबा, मधून बाहेर ढवळत न्या. नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये चवीसाठी चमचाभर रस टाकायचा मोह टाळा. तेवढ्याशा पाण्याने ते क्षणात घट्ट आणि रवाळ होतं. वरच्या थरालाही संत्रं हवंच असेल तर क्रीम तापवताना त्यात सालीची पट्टी टाका आणि ओतण्याआधी काढा.

हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. क्रीम असल्याने रात्री फ्रिजमध्ये ठेवा, पण खाण्याआधी तासभर बाहेर काढा. थंड लोण्यात संत्र्याचा वास अडकून बसतो.