सीएसव्ही मॅक्रोने शीटवर ओतताय? आधी तारखा बघा

‘फाइल डबल क्लिक करून उघडली की बरोबर दिसते, मॅक्रोने उघडली की तारखा बिघडतात.’ हे गाऱ्हाणं ऐकून माझे कान किटले आहेत. (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, मॅक्रो म्हणजे एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम.) डबल क्लिक केलं की एक्सेल तुमच्या विंडोजच्या सेटिंगप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे दिवस-महिना असं वाचतं. व्हीबीएतलं, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेतलं, फाइल उघडणारं ‘वर्कबुक्स.ओपन’ मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरतं. एरर वगैरे काही येत नाही.

एका दूध संस्थेत जुलैच्या पहिल्या दहा दिवसांचं बिल असंच निघालं. ०१/०७ झाली ७ जानेवारी, ०२/०७ झाली ७ फेब्रुवारी, असं करत १०/०७ ऑक्टोबरात गेली. जुलैत उरली फक्त सात तारीख, कारण तिथे दिवस-महिना सारखेच. बेरजेत एकाच दिवसाचं दूध! सकाळी डेअरीवर एका म्हाताऱ्याने बिल नाचवत विचारलं, ‘बाकीचं दूध काय मांजरानं पिलं?’ मॅक्रो लिहिणाऱ्या पोराने चाचणी जूनच्या शेवटच्या दहा दिवसांवर घेतली असती, तर लगेच सापडलं असतं. बाराच्या पुढचा महिनाच नसल्याने त्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसतात. पण चाचणी घ्यायला वेळ कुणाला आहे?

‘वर्कबुक्स.ओपन’च्या ‘लोकल’ या पर्यायाला ‘ट्रू’ दिलं, म्हणजे विंडोजची सेटिंग वापर असं सांगितलं, की भागतं म्हणतात. भागतं, पण दुसऱ्याच्या पीसीवर विंडोज अमेरिकन सेटिंगवर असलं की पुन्हा तेच. मी तारीख मजकूर म्हणूनच आत घेतो, तिरक्या रेघेवर तोडतो आणि तारीख बनवणाऱ्या ‘डेटसीरियल’ला वर्ष, महिना, दिवस हातात देतो. तीन ओळी जास्त लागतात, लागू देत. मजकूर फाइल उघडणाऱ्या ‘ओपनटेक्स्ट’मध्ये कॉलमचे प्रकार (तारीख, मजकूर वगैरे) देऊनही फरक पडत नसेल, तर फाइलचं .सीएसव्ही शेपूट काढून .टीएक्सटी करा. सीएसव्ही दिसलं की एक्सेल ते प्रकार ऐकतच नाही.

खाते क्रमांक: एक्सेल पंधरा आकडेच सांभाळतं, सोळावा शून्य होतो. लिहिण्याआधी कॉलम टेक्स्ट करा, नंतर केल्याने गेलेला आकडा परत येत नाही.

ओळ तोडायला स्वल्पविरामावर ‘स्प्लिट’ मारू नका. ‘मु. पो. अमुक, ता. तमुक’ असा एक पत्ता आला की पुढचे सगळे कॉलम सरकतात.

मराठी नावांचा चिखल झाला तर फाइल उघडताना अक्षरांची पद्धत यूटीएफ-८, म्हणजे कोड ६५००१, सांगायची राहिलीय.

ओळी मोजायला ‘इंटिजर’ प्रकारची संख्या नको, ३२,७६७ नंतर ओव्हरफ्लो होतो, म्हणजे आकडा मावत नाही. ‘लाँग’ घ्या.

एकेक सेल लिहीत बसू नका, ॲरे (मेमरीतला तक्ता) भरून एकदम टाका. आणि मॅक्रोने लिहिलेलं कंट्रोल-झेडने परत येत नाही, म्हणून मूळ फाइलची प्रत ठेवा.

राहता राहिलं ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, म्हणजे एरर आली तरी न थांबता पुढची ओळ चालव. त्याच पोराने पुढे माझं ‘डेटसीरियल’ उचललं आणि सुरुवातीलाच ही ओळ ठोकली. फाइलच्या एका ओळीत तारीख रिकामी होती. तिथे एरर गिळली गेली आणि आधीच्या ओळीची तारीख तिला चिकटली. ते सापडायला दोन महिने लागले.