टेम्प्लेटमुळे जीसीसी कोसळला? बग असा टाका

सी प्लस प्लसमध्ये टेम्प्लेट (टाइप नंतर भरायचा साचेबंद कोड) चुकलं की जीसीसी हा कंपायलर दोन पानं भरून एरर ओकतो, त्यात नवीन काही नाही. पण त्यात 'इंटर्नल कंपायलर एरर' दिसलं तर मग तुमचा कोड बरोबर असो की चूक, कंपायलरने कोसळायला नको होतं, बग त्यांचाच. फक्त 'किल्ड' असं आलं असेल तर आधी रॅम बघा, एकदम १६ फायली कंपाइल करायला लावल्या की मेमरी संपते आणि लिनक्सच त्याला मारतो.

'इंटर्नल कंपायलर एरर'ची ओळ नीट वाचा. जीसीसी स्वतःच्याच कुठल्या फंक्शनमध्ये, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर पडला ते सहसा तिथे असतं, टेम्प्लेटचं असेल तर बहुतेक वेळा 'पीटी डॉट सीसी'. त्या फंक्शनचं नाव जीसीसीच्या बगझिलात (बग नोंदवायच्या साइटवर) शोधा, कोणीतरी आधीच टाकलेला असतो राव. कंपायलर एक्सप्लोररवर (ब्राउझरमध्येच कोड कंपाइल करून देणारी साइट) ट्रंक, म्हणजे जीसीसीची अगदी ताजी आवृत्ती, निवडूनही बघा, तिथे पडत नसेल तर कदाचित दुरुस्त झालाय.

आता खरं काम. 'डॅश सेव्ह-टेम्प्स' देऊन कंपाइल केलं की प्रीप्रोसेस झालेली 'डॉट आयआय' फाइल मिळते, सगळे हेडर आत ओतलेले, हजारो ओळी. (ऑफिसचा कोड असेल तर तो पण आत आहे हां, तशीच चिकटवू नका.) ती सी-व्हाइजला (कोड आपोआप छोटा करणारं टूल) द्या, सोबत एक छोटी स्क्रिप्ट जी क्रॅश अजून होतोय का ते तपासते, आणि रात्रभर सोडून द्या, सकाळी वीसेक ओळी उरतात. मी पहिल्यांदा स्क्रिप्टमध्ये नुसतं 'इंटर्नल कंपायलर एरर' ग्रेप केलं होतं (म्हणजे आउटपुटमध्ये तेवढेच शब्द शोधले होते), तर त्याने कोड कुरतडत कुरतडत भलत्याच क्रॅशवर नेऊन ठेवला, तोही अर्धवट कंसांच्या कचऱ्यात! म्हणून ग्रेपमध्ये फंक्शनचं नाव घालाच, आणि तुमचा मूळ कोड क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर चालत असेल तर 'क्लँगवर कंपाइल झालं पाहिजे' ही अटही घाला. चालणाऱ्या कोडवरचा क्रॅश आणि मुळातच चुकलेल्या कोडवरचा क्रॅश असे बगझिलात दोन वेगळे कीवर्ड आहेत, आणि पहिल्याला साहजिकच जास्त भाव.

रिपोर्टमध्ये 'जीसीसी डॅश व्ही'चं आउटपुट, पूर्ण कमांड, पूर्ण एरर, आणि तो छोटा कोड. स्क्रीनशॉट नको, टेक्स्टच टाका. जुन्या व्हर्जनवर चालत होतं तर कुठपर्यंत चालत होतं ते आवर्जून लिहा, रिग्रेशन म्हटलं की लोक लवकर बघतात.