खांदेरी पाहावी ती पाण्याकडून

अलिबागजवळच्या थळच्या समुद्रातल्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्यावर जाणारे बहुतेक जण दीपगृह आणि तोफा पाहून परततात. १६७९ ची मराठे-इंग्रज लढाई मात्र तटावरून उमगत नाही, ती भोवतालच्या पाण्यावरून उमगते. म्हणून ओहोटीला जायचं, आणि त्यासाठी आधी तिथी बघा.

तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ निघते. षष्ठीला सहा पाऊणे साडेचार; म्हणजे पहाटे साडेचारला भरती आणि पावणेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. षष्ठी-सप्तमी यासाठी सोयीची. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात खडक जास्त उघडे पडतात, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसं उतरतच नाही. वेळ होडीवाल्याकडून पक्की करा, बेटावर उतरण्याच्या परवानगीचंही तिथेच विचारा. पावसाळ्यात हा बेत नको.

ओहोटीला तटाच्या पायथ्याशी जा, जाड तळाचे बूट घालून. तिथल्या सुट्या दगडांवर कालवांची धार असते. हल्लेखोराला होडीतून उडी मारून तटाला भिडणं का अवघड होतं, ते इथे दोन पावलांत कळतं.

मग दक्षिणेच्या उंच टेकडीवर चढा आणि पूर्वेला थळचा किनारा पाहा. ऑगस्ट १६७९ मध्ये मराठा आरमारातल्या मायनाक भंडारींनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने बांधकाम सुरू केलं, तेव्हा सगळी रसद याच बाजूने यायची. मुंबईच्या इंग्रजांनी वेढा घातला, पण त्यांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून आणि खोल बुडणारी. मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्री निसटायच्या. वेढा फसला तो इथे. त्याआधी सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला होता.

आता दक्षिणेकडे वळा. नागाव त्या दिशेला. १८ ऑक्टोबरला उजाडण्याआधी दौलतखानाच्या हाताखालचं मराठा आरमार तिथून चालून आलं. नांगरलेल्या इंग्रजी जहाजांना शिडं सोडायलाही जेमतेम वेळ मिळाला. त्यांतलं ‘डोव्ह’ मराठ्यांच्या हाती लागलं, ‘रिव्हेंज’ने मात्र चिवट झुंज दिली. इंग्रजी कागदांत ही लढाई इंग्रजांचा विजय म्हणून येते, तरी बेट मराठ्यांकडेच राहिलं, हे निर्णायक.

एक चूक टाळा: समोर दिसेल ते सगळं १६७९ चं धरू नका. त्या वर्षी तट बांधला जात होता. दीपगृह १८६७ चं. गाड्यांवरच्या तोफाही त्या लढाईचा पुरावा म्हणून मोजू नका, कारण आंग्र्यांच्या काळातही किल्ला लढत राहिला; १७१८ मध्ये इंग्रजांचा मोठा हल्ला इथेच परतवला गेला.

थळच्या बाजूला दिसतं ते दुसरं बेट म्हणजे उंदेरी. जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने ती तटबंद केली आणि खांदेरीच्या रसदीच्या वाटेवर कायमचा पहारा बसवला. तिथे उतरायला भरतीचं पाणी आणि शांत समुद्र दोन्ही लागतात, म्हणून खांदेरीच्या ओहोटीच्या दिवशी उंदेरी जोडू नका.