फॅक्टर बदलण्याआधी पाइप भरलेला आहे का, ते पाहा

पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या मीटरचा आकडा टाकीतल्या मापाशी जुळला नाही की नवशिका माणूस सर्वात आधी मीटरचा फॅक्टर, म्हणजे मीटर आपल्या मापाला ज्याने गुणतो तो आकडा, बदलतो. हा कॅलिब्रेशनचा, म्हणजे मीटर खऱ्या मापाशी ताडून लावण्याचा, मार्ग नव्हे. बिघाड जागच्या जागी राहतो आणि फक्त झाकला जातो.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका अन्नप्रक्रिया कारखान्यात १०० मिमी पीव्हीसी लाइनवरचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर तासाला ५० ते ६० घनमीटरच्या दरम्यान हेलकावे खात होता. बसवणाऱ्याने फॅक्टर ०.८ केला, आकडा जुळवला आणि तो निघून गेला. पुढे टाकीकडचा व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवण्याची पद्धत पडली, तेव्हा तोच मीटर पाणी कमी दाखवू लागला. मी गेलो तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून आधी टाकी मोजली: आतून ३ मीटर बाय २ मीटर. पाणी ६० सेंमी चढायला ५ मिनिटे लागली, म्हणजे प्रवाह तासाला ४३ घनमीटर. मीटर टाकीत उतरणाऱ्या उभ्या पाइपवर होता. तिथे पाणी मोकळे पडत असल्याने पाइप भरत नव्हता. मीटर मात्र वेग मोजून त्याला पूर्ण छेदाने गुणत होता. व्हॉल्व्ह आवळल्यावर पाइप भरला आणि ०.८ चा फॅक्टर उलटा नडला. मीटर पंपापासून वर चढणाऱ्या पाइपवर हलवला, मीटरच्या पाटीवरचा मूळ फॅक्टर परत टाकला आणि टाकीचे माप तीनदा घेतले. एका मापावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

पीव्हीसी आणि एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपवर अर्थिंग रिंग (पाण्याला अर्थ देणारी धातूची कडी) न लावणे ही दुसरी चूक, आणि आपल्याकडे बहुतेक लाइन प्लास्टिकच्याच असल्याने ती जास्त भोवते. प्लास्टिकमधल्या पाण्याला अर्थ मिळत नाही, त्यामुळे शेजारची मोटार चालू होताच आकडा उड्या मारतो. दोन रिंगांचा खर्च वाचवणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पुढे तेच लोक दिवसच्या दिवस वायरिंग तपासत बसतात.

रिकाम्या पाइपवर झिरो घेऊ नये, म्हणजे मीटर शून्यावर लावू नये. पाइप भरलेला आणि पाणी पूर्ण थांबलेले असावे. त्यासाठी मी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करतो, कारण एखादा हमखास गळतो. एल्बोला (पाइपच्या वळणाच्या जोडाला) चिकटून मीटर बसवू नये. आधी व्यासाच्या ५ पट आणि नंतर ३ पट सरळ पाइप ठेवावा. बोअरचे पाणी जड असेल तर मीटरच्या आतल्या इलेक्ट्रोडवर (पाण्याला टेकणाऱ्या धातूच्या टोकांवर) क्षार बसतो, तो मऊ कापडानेच पुसावा. जोडातले गॅस्केट (गळती रोखणारी चकती) पाइपच्या आत डोकावत असेल तरीही आकडा बिघडतो, म्हणून बोल्ट आवळण्यापूर्वी मी गॅस्केटच्या आतल्या कडेवरून बोट फिरवतो.