डब टेक्नो ऐकताना कान कुठे लावायचा

डब टेक्नो म्हणजे एकोत भिजलेलं टेक्नो, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार. ते पहिल्याच मिनिटाला कंटाळवाणं वाटलं, तर आधी स्पीकर बदलून बघा. याचा खोल बास साधारण 40 ते 60 हर्ट्झच्या आसपास असतो. फोनच्या स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही, उरते नुसती खरखर. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या आणि बास बूस्ट बंद ठेवा, नाहीतर किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बास यांचा चिखल होतो. अ‍ॅपमधलं क्रॉसफेडही (एक ट्रॅक संपताना त्यात पुढचा मिसळणं) बंद करा. हे ट्रॅक विरत विरत संपतात, तो शेवट कापला जातो.

चाल शोधत बसू नका, ती नसतेच. 1993 मध्ये बर्लिनला मॉरिट्झ फॉन ऑस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी ‘बेसिक चॅनल’ हे लेबल सुरू केलं आणि जमैकन डबमधला (रेगेतून आलेल्या संगीतातला) एको टेक्नोच्या सरळ किकवर आणून बसवला. बऱ्याचदा एकच मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे उदास स्वर) आठ-दहा मिनिटं चालते. बदलतो तो फिल्टर: आवाज सावकाश उजळतो, परत धूसर होतो.

खरी गंमत एकोत आहे. 125 बीपीएमला (मिनिटाला 125 ठोके) एक ठोका 480 मिलिसेकंदांचा. एको पाऊण ठोक्यावर, म्हणजे 360 वर लावला की तो किकच्या मधल्या फटींत पडतो आणि सरळ ताल झुलायला लागतो. पहिली दोन मिनिटं फक्त किक धरा, मग कॉर्डमागची ही शेपटी. मागची सुरसुर बहुधा मुद्दाम ठेवलेली असते, केबल तपासत बसू नका.