परदेशी निघताय? आधी बहात्तर तास मोजायला शिका

पासपोर्टची मुदत, व्हिसा, बॅगा हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. कोविडचे निर्बंध सैल होऊ लागल्यापासून एप्रिल २०२२ पर्यंत मी पाच वेळा परदेशी निघाले. चार वेळा पोचले आणि एकदा विमानतळावरून बॅगा घेऊन घरी परत आले. हा लेख मुख्यतः त्या एका वेळेबद्दल आहे, आणि चाचण्यांचे, लशीचे नियम सगळे तेव्हाचे आहेत.

आधी एक सल्ला डोक्यातून काढून टाका: ‘आता सगळं खुलं झालंय, बिनधास्त जा.’ सगळं एकदम खुलं होत नाही, प्रत्येक देश आपापल्या चालीने दार उघडतो. ब्रिटनने १८ मार्च २०२२ पासून प्रवाशांच्या चाचण्या आणि माहितीचा फॉर्म दोन्ही बंद केलं. पण त्यानंतरही, एप्रिल २०२२ मध्ये, अमेरिका विमानाने येणाऱ्यांकडून आदल्या दिवसाची चाचणी मागतच होती, आणि जपान पर्यटकांना घेतच नव्हता. त्यामुळे मित्र दोन महिन्यांपूर्वी कसा गेला, हे ऐकून काहीही ठरवू नका.

नियम कुठे वाचायचे

जिथे जायचं त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर. वाटेत विमान बदलणार असाल तर त्या देशाच्याही, आणि परत येताना लागतील म्हणून स्वतःच्या देशाच्याही. तिकीट काढताना, आठवडाभर आधी आणि दोन दिवस आधी, असं तीनदा वाचा. एक गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. तुम्हाला अडवतो तो बहुतेकदा तिकडचा अधिकारी नसतो, इकडच्या काउंटरवरचा कर्मचारी असतो. त्याच्यासमोर ‘टिमॅटिक’ नावाची माहिती-यंत्रणा असते. कुठल्या देशाला कुठली कागदपत्रं लागतात हे विमान कंपन्या त्यात पाहतात. तिथे जे लिहिलंय तेच त्याच्यासाठी खरं, त्याच्याशी वाद घालून काही होत नाही. अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हीच माहिती प्रवाशांनाही पाहता येते. ती पाहून ठेवा.

लशीचं प्रमाणपत्र

तीन गोष्टी तपासा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. शेवटच्या मात्रेला बहुतेक ठिकाणी किमान १४ दिवस झालेले लागायचे. आणि तुमची लस त्या देशाच्या यादीत असावी लागायची, कारण जागतिक आरोग्य संघटनेची यादी आणि युरोपच्या औषध नियामकाची यादी एक नव्हती. शिवाय प्रमाणपत्र शिळंही व्हायचं. युरोपीय संघाने १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासासाठी मूळ लसीकरणाची, म्हणजे बूस्टरआधीच्या मात्रांची, मुदत २७० दिवस केली होती. ‘माझ्या दोन्ही झाल्यात’ एवढ्यावर तेव्हा भागत नव्हतं, कधी झाल्या ते सांगावं लागायचं.

चाचणीची वेळ: घोडं इथेच अडतं

माझं विमान शनिवारी रात्री साडेअकराचं होतं. नियम ७२ तासांचा, म्हणजे चाचणी त्याहून जुनी चालत नव्हती. मी बुधवारी संध्याकाळी सहाला नमुना दिला, गुरुवारी सकाळी अकराला अहवाल आला. मी अहवालापासून मोजलं: साडेसाठ तास, चिंता नाही. काउंटरवरच्या बाईंनी नमुना घेतल्याच्या वेळेपासून मोजलं: साडेसत्याहत्तर. त्यांचं बरोबर होतं. मी तरी दहा मिनिटं हुज्जत घातली, मग मुकाट्याने बॅगा उचलल्या.

तेव्हा पहिला प्रश्न: घड्याळ कधी सुरू होतं? बहुतेक देशांत नमुना घेतल्यापासून व्हायचं, पण काही ठिकाणी अहवालाच्या वेळेपासून. नियमातला नेमका शब्द वाचा. दुसरा प्रश्न: ते कधी थांबतं? पहिलं विमान सुटताना, शेवटचं सुटताना, की तिकडे उतरताना? उतरताना असेल आणि एकूण प्रवास २० तासांचा असेल, तर निघताना तुमच्या हातात ७२ नाही, ५२ तासच उरतात. उतरण्याची वेळ तिकडच्या घड्याळाची असते. ती आधी आपल्या घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा. तिसरा प्रश्न: तास की दिवस? अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ पासून तीन दिवसांची मुभा एका दिवसावर आणली, पण हा एक दिवस म्हणजे २४ तास नव्हते. शुक्रवारी केव्हाही उडणार असाल, तर गुरुवारी केव्हाही केलेली चाचणी चालायची. हे न कळल्यामुळे लोक विमानतळावर दुसऱ्यांदा पैसे भरायचे.

‘चोवीस तासांत अहवाल’ या आश्वासनावर मी आता विश्वास ठेवत नाही. ७२ तासांचा नियम असेल तर मी पहिलं विमान सुटण्याच्या ४८ तास आधी नमुना देते. मग अहवाल रेंगाळला तरी चालतो आणि विमान थोडं पुढे ढकललं गेलं तरी. ‘विमानाला बहात्तर तास उरल्या उरल्या नमुना देऊन मोकळे व्हा’ असं सांगणाऱ्याचं विमान कधी उशिरा सुटलेलं नसावं.

चाचणीचा प्रकारही बघा. युरोपीय संघाच्या २०२२ च्या शिफारशीत आरटी-पीसीआरला ७२ तास होते, रॅपिड अँटिजेनला २४. घरी स्वतः केलेली चाचणी कुणाच्या देखरेखीशिवाय असेल तर तिला कागद म्हणून सहसा काही किंमत नव्हती.

अहवाल हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, शक्यतो पासपोर्ट क्रमांक, चाचणीचा प्रकार आणि नमुना घेतल्याची तारीख व वेळ. कित्येक अहवालांवर नुसती तारीख असते, किंवा तीन वेगवेगळ्या वेळा छापलेल्या असतात आणि कुठली कशाची ते कळत नाही. लगेच दुरुस्त करून मागा. नंतर कुणी फोन उचलत नाही. आणि कागदावर छापून घ्या. रांगेत मोबाइलची बॅटरी संपलेली माणसं मी पाहिली आहेत.

नुकताच कोविड होऊन गेला असेल तर वेगळीच गंमत. बरं वाटून आठवडे उलटले तरी आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण ती मेलेल्या विषाणूचे अवशेषही पकडते. अशा वेळी पुन्हा पुन्हा चाचणी करून जीव टांगणीला लावू नका. बरं झाल्याचा दाखला चालतो का, ते बघा. युरोपात तेव्हा तो पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीनंतर ११व्या ते १८०व्या दिवसापर्यंत धरायचे. अमेरिकेला ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह अहवाल आणि सोबत डॉक्टरांचं पत्र लागायचं.

तिकीट

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवू नका. मधल्या ठिकाणी बॅग उचलून पुन्हा द्यायची म्हणजे बऱ्याचदा त्या देशात शिरायचं, आणि मग त्यांचे सगळे नियम तुम्हाला लागू.

विमा

‘कोविडसह’ एवढं वाचून सही करू नका. उपचाराचा खर्च आणि विलगीकरणातल्या राहण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी अनेक पॉलिसींत नसते.

विमानात

एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क, कापडी नको. हवेत असताना केबिनची हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते आणि फिरणारी हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या ‘हेपा’ गाळण्यांतून जाते, म्हणून लोक समजतात तेवढी भीती उड्डाणात नाही. खरी गर्दी रांगेत, बसमध्ये, आणि विमान जमिनीवर थांबलेलं असताना असते, कारण तेव्हा वायुवीजन कधी कधी मंद किंवा बंद असतं. मास्क तिथे घट्ट ठेवा.

तिकडे पॉझिटिव्ह आलात तर

दहा दिवस जास्तीचे राहायची तयारी ठेवा: औषधं, पैसे, आणि तारीख बदलता येणारं तिकीट. रोजच्या गोळ्या मोजून नेऊ नका, दुप्पट न्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

परतीची चाचणी लागणार असेल तर ती कुठे करायची, हे निघण्याआधी घरी बसून ठरवा. पत्ता, अहवाल किती वेळात मिळतो, आणि सुट्टीच्या दिवशी दार उघडं असतं का. माझं परतीचं विमान एकदा सोमवारी सकाळी होतं. रविवारी त्या शहरातली एकच प्रयोगशाळा उघडी निघाली, आणि तिच्या दारात माझ्या पुढे चाळीसएक माणसं उभी होती.