मासिकाच्या संपादन विभागात रुजू होण्यापूर्वी

मराठी मासिकात प्रशिक्षणार्थी उपसंपादक म्हणून रुजू होणाऱ्याची खरी परीक्षा दिवाळी अंकाच्या वेळी होते, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला शिकवायला कार्यालयात कोणालाही सवड नसते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे आणि आजही अनेक छोट्या मासिकांचे आर्थिक गणित बरेचसे या एका अंकावर अवलंबून असते. म्हणून तयारी आधीच करावी. खाली सांगितलेल्या बाबींपैकी एक माझ्याकडून राहिली होती आणि तिचा परिणाम एका कथालेखकाला भोगावा लागला. त्या बाबीविषयी मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे; बाकीच्या बाबींना तेवढी जागा देणार नाही.

वाचन हवे, मराठी टंकलेखन हवे, संगणकावर फाइलींना नीट नावे देण्याची सवय हवी. यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही. टंकलेखन मात्र इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण) कळफलकावर शिकावे, कारण इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय असलेल्यांचा वेग जोडाक्षरांपाशी अडखळतो.

शुद्धलेखनाचे नियम मुळातून वाचा. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांपैकी चौदा १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम एका बैठकीत वाचून होतात, तरीही बहुतेक नवे उमेदवार ते कधीच पूर्ण वाचत नाहीत आणि कानाला जे बरोबर वाटते त्यावर विसंबून राहतात. ‘बुद्धी’ दीर्घ लिहायचे पण ‘बुद्धिवैभव’ ऱ्हस्व, ‘लक्ष्मीपुत्र’ मात्र दीर्घच, हे कानाने कळत नाही. जुन्या उताऱ्यांविषयीचा नियम तर विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य उद्धृत करताना ते मुळाप्रमाणेच छापावे, त्यानंतरचे लेखन प्रचलित नियमांनुसार छापावे, असे तो सांगतो. एखाद्या अभ्यासकाच्या लेखातील जुन्या उताऱ्यावरचे अनुस्वार उत्साहाने पुसून टाकण्यापूर्वी तो उतारा कोणत्या काळातला आहे हे पाहा.

कोश हाताशी ठेवा. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, मराठी विश्वकोशही महाजालावर आहे. शंका आली की आधी तेथे जायचे आणि मगच वरिष्ठांकडे. दाते-कर्वे यांच्या कोशात प्रादेशिक शब्दांपुढे त्या त्या प्रांताची खूण दिलेली असते, आणि या खुणांचे महत्त्व पुढच्याच परिच्छेदात स्पष्ट होईल.

आता मुख्य बाब. संपादित केलेला मजकूर छपाईला जाण्यापूर्वी लेखकाला दाखवायचा आणि त्याचा होकार लेखी घ्यायचा. एका कथेतील संवाद वऱ्हाडीत होते. ‘तो जाऊन राहिला’ हे वाक्य मला चुकीचे वाटले आणि अशा सर्व वाक्यांना मी प्रमाण मराठीचे रूप दिले. वऱ्हाडीत त्या वाक्याचा अर्थ ‘तो जात आहे’ असा होतो. प्रमाण मराठीच्या सवयीने वाचणाऱ्याला ‘तो तेथे जाऊन थांबला’ असे वाटते, आणि तसेच समजून केलेल्या बदलामुळे कथेतील माणूस जिथे निघालेला होता तिथे पोचून बसला. व्याकरणाच्या दृष्टीने छापलेले वाक्य निर्दोष होते. लेखकाने ते प्रथम पाहिले ते छापील अंकात. त्याच्या गावातील माणसांच्या तोंडी त्याने घातलेली भाषा काढून घेतली गेली होती आणि त्याच्या नावाखाली दुसऱ्याच कोणाची भाषा छापली गेली होती. अशा नुकसानीला शुद्धिपत्र पुरे पडत नाही, कारण शुद्धिपत्रात संवादांची आठ पाने पुन्हा छापता येत नाहीत.

नियमांतही पात्रांच्या बोलण्याला मोकळीक आहे. निवेदनात ‘असे केले’ आणि संवादात ‘असं केलं’ हा भेद सर्वांना ठाऊक असतो. मग मालवणीतील ‘माका’ किंवा वऱ्हाडीतील ‘मले’ यांना हात लावण्याचे कारण उरत नाही. पण बोलीचे एक वेळ सोडा. प्रमाण मराठीतील लेखातही वाक्याचा क्रम बदलला, परिच्छेद गाळला, शीर्षक बदलले किंवा एखादे विशेषण काढले तरी तो मजकूर लेखकाला दाखवलाच पाहिजे. ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हे आणि टंकनदोष एवढेच न विचारता सुधारावेत. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी हस्तलिखितावर सविस्तर पत्रव्यवहार करीत आणि पुनर्लेखन लेखकाकडूनच करून घेत. आज तेवढी सवड नाही हे मान्य. पण बदललेला मजकूर पाठवून उत्तर मागवण्याइतकी सवड कोणत्याही कार्यालयात काढता येते, आणि ती निघत नसेल तर बदलच करू नयेत.

होकार कसा मागायचा हेही सांगतो, कारण येथे पळवाटा फार आहेत. ‘काही आक्षेप असल्यास कळवावे’ असे लिहून पाठवू नका. प्रवासात असलेल्या किंवा आजारी लेखकाचे मौन तुम्ही संमती म्हणून मोजाल. बदल ठळक दिसतील अशी प्रत पाठवा, केलेल्या मोठ्या बदलांची कारणे दोन ओळींत लिहा आणि ‘हा मजकूर असाच छापण्यास माझी संमती आहे’ असे उत्तर मागा. लेखकाने दूरध्वनीवर होकार दिला तर त्याच दिवशी ‘आज आपले असे बोलणे झाले’ असा संदेश त्याला पाठवून त्यावर उत्तर घ्या. जे ज्येष्ठ लेखक ईमेल वापरत नाहीत त्यांना छापील प्रत टपालाने पाठवावी लागते, आणि ती जाऊन परत यायला लागणारे दिवस वेळापत्रकात पहिल्यापासून धरावे लागतात. गणपतीत किंवा त्यानंतर ही प्रत पाठवली तर उशीर झालेला असतो. ‘लेखकाला दाखवले’ हा स्वतंत्र रकाना नोंदवहीत करा आणि त्यात बरोबरची खूण न करता उत्तर आल्याची तारीख लिहा. खूण घाईत कोणीही करून टाकतो.

यामागे कायदाही आहे. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ मधील कलम ५७ नुसार, हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही, आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीला किंवा फेरफाराला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. त्याच अधिनियमातील कलम १९ वाचून ठेवा. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर भारत. जुने साहित्य पुन्हा छापताना लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजावीत. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता आज कोणालाही छापता येतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यामुळे त्यांची कविता छापायची तर परवानगी हवी. ‘सगळ्यांना पाठ आहे’ हे परवानगी न घेण्याचे कारण होऊ शकत नाही. अनुवादासाठी मूळ लेखकाची किंवा हक्कधारकाची परवानगी अनुवादकाने घेतली आहे की नाही, हे लेख स्वीकारण्यापूर्वीच विचारा. छायाचित्रांचेही तसेच.

मजकूर पानांवर जाताना एक वेगळाच धोका असतो. लेखकाकडून तो युनिकोडमध्ये येतो, क्वचित हस्तलिखिताच्या छायाचित्रांच्या रूपात येतो, आणि मांडणी करणाऱ्याकडे श्रीलिपीसारखी युनिकोडच्या आधीची टंकप्रणाली असेल तर त्याचे रूपांतर करावे लागते. या रूपांतरात अक्षरे गळतात किंवा बदलतात. ‘दऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’ मधला ऱ, ‘ॲ’, ‘वाङ्मय’, अवतरणचिन्हे आणि तळटीपांचे आकडे ही नेहमीची ठिकाणे आहेत. रूपांतरानंतर केवळ नजर फिरवू नका. ही अक्षरे एकेक करून शोधा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे शासनाने प्रमाणित केली आहेत, पण अनेक टंकांत (फाँटमध्ये) हिंदी वळणे आपोआप येतात. टंक निवडतानाच ते पाहून घ्या. आणि रूपांतराच्या निमित्ताने वाक्यात बदल झाला असेल, तर पुन्हा लेखकाकडे जा. आधी मिळालेला होकार त्या जुन्या मजकुराचा होता.

अंकाची पाने सोळाच्या, निदान आठच्या पटीत बसवावी लागतात, कारण छपाई फर्म्यांच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटांच्या, हिशेबाने होते. जाहिराती शेवटपर्यंत येत राहतात, एखादी ऐनवेळी रद्द होते, आणि मग कोणीतरी सांगतो की या लेखातल्या बारा ओळी काढा. संपादनात लेखकाचे सर्वाधिक नुकसान या क्षणी होते, कारण ओळी सहसा शेवटून कापल्या जातात आणि लेखाचा शेवट म्हणजे बहुधा लेखकाने सर्वांत जास्त वेळ घेऊन लिहिलेला भाग असतो. आधी चित्र लहान करता येते का पाहा, अक्षरांचा आकार किंचित बदलता येतो का पाहा, पानपूरक मजकूर हलवा. तरीही कापावेच लागले तर लेखकाला दूरध्वनी करा आणि कोणत्या ओळी जाव्यात हे त्यालाच ठरवू द्या. रात्र झाली असेल तरी करा. झोपमोड झाल्याची तक्रार लेखक विसरतो, पण छापील अंकात आपला शेवट नाहीसा झालेला पाहिल्यावर तो त्या मासिकाला पुन्हा लेख देत नाही.

मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासण्यासाठी काढलेल्या प्रती, दोघांनी मिळून तपासावीत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मुद्रितावर लक्ष ठेवावे. शीर्षके, लेखकांची नावे, चित्रओळी आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक वेगळ्या फेरीत पाहावेत, कारण मोठ्या अक्षरांतील चूक सलग वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटते. दुसऱ्या मुद्रितात पहिल्या मुद्रितातील दुरुस्त्या झाल्या आहेत का आणि त्या करताना नव्या चुका शिरल्या आहेत का, एवढेच पाहायचे. तेथे शैली सुधारण्याचा मोह झाला तर लेखणी खाली ठेवा. त्या टप्प्यावर लेखकाला विचारायला वेळ उरलेला नसतो आणि विचारल्याशिवाय बदलायचे नाही, हे वर सांगितलेच आहे.

छपाईआधी चित्रे ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) आणि सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) आहेत का पाहा, कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना ३ मिमी जास्तीची कड ठेवा. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि स्थळ असलेली ओळ तपासा. १८६७ च्या अधिनियमाच्या जागी आलेला २०२३ चा नियतकालिक नोंदणी अधिनियम १ मार्च २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे मागच्या अंकातली ओळ तशीच उचलू नका.

अंक आला की लेखकप्रती त्याच आठवड्यात पाठवा, मानधनाची तारीख लेखा विभागाकडून लेखी घ्या, संमतीची पत्रे आणि शेवटच्या फाइली एकाच ठिकाणी जपून ठेवा, आणि सापडलेल्या चुकांचे शुद्धिपत्र पुढच्या अंकासाठी त्याच दिवशी लिहून द्या.